कोटिंग झिजलं की सुटलं, ते आधी ठरवा

प्रश्न : भद्रावती तालुक्यात माझं वर्कशॉप आहे, बारा माणसं कामाला. वीजकेंद्राची गरम राखेची स्लरी (पाण्यात कालवलेली राख) ओढणाऱ्या दोन पंपांच्या केसिंगला (बाहेरचं कवच) आणि इम्पेलरला (आतलं फिरणारं चक्र) नागपुरातून सिरॅमिक-इपॉक्सी कोटिंग करून घेतलं. पाच आठवड्यांत ते गेलं. कोटिंगवाला बाकीचे १ लाख ८० हजार व्याजासकट मागतो, नाहीतर लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या एमएसएमई परिषदेत जाईन म्हणतो. ग्राहक मंचात जाऊ का?

उत्तर : ग्राहक आयोगाचा नाद सोडा. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा २०१९च्या कायद्यात बसत नाही. स्वतः राबून पोट भरणाऱ्याला सूट आहे, पण बारा माणसं ठेवणाऱ्याला ती मिळणं कठीण.

निदान एका पंपाचा इम्पेलर घासू नका, त्यावर नवा थरही चढवू नका. तुमचा सगळा दावा त्याच्यावर आहे. धातू उघडा पडलेल्या जागेची कड बघा. कड उभी असेल आणि नखानं खपली सुटत असेल, तर लेपानं धातूला धरलंच नव्हतं. ब्लास्टिंग (लेपाआधी कण मारून धातू खरबरीत करणं) कमी पडलं असेल किंवा दमट पृष्ठभागावर काम झालं असेल. हा दोष बहुधा कोटिंगवाल्याचा. पण कड उतरती आणि प्रवाहाच्या दिशेनं चर असतील, तर लेप झिजलाय, आणि तुम्ही त्याला काय सांगितलं होतं यावर सगळं येऊन ठेपतं. इपॉक्सी उष्णतेनं नरमतो. लेपाच्या डेटाशीटवर (कंपनीचं माहितीपत्रक) कोरड्यातलं आणि पाण्यात बुडालेलं अशी दोन तापमानं असतात, दुसरं बरंच कमी. कोटिंगवाल्यानं कुठलं धरलं, हे त्याला लेखी विचारा.

तुमच्या पर्चेस ऑर्डरवर नुसतं ‘घर्षणरोधक कोटिंग’ असेल तर बाजू लंगडी आहे. स्लरीचं तापमान व्हॉट्सॲपवर कळवलं असेल तर तो फोन जपा. ते मेसेज पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागेल.

कोटिंगवाल्याची व्याजाची धमकी पोकळ नाही. माल किंवा काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर ते स्वीकारलं असं धरतात, आणि थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पण त्याची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) तुमच्या कामाच्या आधीची आहे का, ते तपासा. नंतरची असेल तर हा लाभ त्याला मिळू नये, असा मुद्दा मांडता येतो. परिषदेची नोटीस आली तर गप्प बसू नका. तिथे प्रतिदावा चालतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये स्पष्ट केलंय. उलट निवाडा विरोधात गेला, तर आव्हानासाठी ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

प्रतिदाव्यात नव्या कोटिंगचा खर्च, पंप उतरवण्या-चढवण्याची मजुरी नि क्रेनभाडं घाला. वीजकेंद्रानं तुम्हाला दंड लावला असेल तर तो मात्र, कोटिंगवाला ऑर्डर घेताना दंडाची अट जाणत होता, हे दाखवल्याशिवाय करार कायद्याच्या कलम ७३खाली मिळणार नाही. पंप रखडवूही नका, टाळता येणारं नुकसान वजा होतं. एक पंप दुसरीकडून दुरुस्त करा, दुसऱ्याचा इम्पेलर सील करून ठेवा. कोटिंगवाल्याला तपासायला या म्हणून स्पीड पोस्टानं, पोचल्याच्या पुराव्यासह, या आठवड्यातच कळवा.