मुळांतल्या गाठी आणि दांड्यावरचे खवले

बॉस्टन फर्न म्हणून घेतलेल्या रोपाची कुंडी बदलताना मुळांत तपकिरी, लवदार गोल गाठी आढळल्या, तर हा सूत्रकृमींचा (मुळांत गाठी करणाऱ्या सूक्ष्म कृमींचा) रोग आहे का, असे आपण विचारले आहे. तसे दिसत नाही. बारीक दोऱ्यासारख्या धावत्या खोडांवर लागलेले आणि दाबल्यावर पाणीदार लागणारे हे गोळे पाणी साठवणारे कंद असतात, आणि ते असतील तर आपले नेचे (फर्न) नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया या जातीचे आहे. बॉस्टन फर्न हा त्या जातीच्या जवळच्या नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटा या जातीचा वाण असून त्या जातीला कंद येत नाहीत.

मात्र हा नियम उलटा लावू नये. कॉर्डिफोलियाच्याही काही रोपांना कंद नसतात, आणि ओळखीची बरीच गफलत येथेच होते. म्हणून मी कुंडी उपसण्यापूर्वी भिंग घेऊन पानाच्या मधल्या दांड्याची वरची बाजू पाहतो. तेथील फिकट तपकिरी खवला जिथे दांड्याला चिकटतो तो ठिपका ठळकपणे गडद असेल, तर ती कॉर्डिफोलिया. खवला सर्वत्र एकाच रंगाचा असेल, तर एक्झाल्टाटा. पानामागील बीजाणुपुंजांवरचे (बीजाणू धरणाऱ्या बारीक ठिपक्यांवरचे) आवरणही उपयोगी पडते: पहिलीत ते मूत्रपिंडाच्या किंवा चंद्रकोरीच्या आकाराचे, तर दुसरीत गोलसर किंवा घोड्याच्या नालासारखे असते. कॉर्डिफोलियाच्या पर्णिका (दांड्याच्या दोन्ही बाजूंची छोटी पाने) दाटीने बसतात आणि त्यांच्या बुडाशी असलेला कानासारखा भाग दांड्यावर चढलेला दिसतो, हे खरे. परंतु बॉस्टन फर्नचे कुरळे, झालरदार वाण इतके आहेत की केवळ पर्णिकांच्या आकारावर मी निर्णय देणार नाही.

निगा दोघींची जवळपास सारखीच आहे. कंद कापून टाकण्याची गरज नाही.

नावाचा हा घोळ केवळ पाटीपुरता राहत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात एक्झाल्टाटा मूळची आहे, तर कॉर्डिफोलिया बाहेरून येऊन जंगलात पसरलेली आक्रमक वनस्पती ठरली आहे, आणि तेथे ती स्थानिक नेचे समजून विकली गेल्याचीही नोंद आहे. कंद आणि धावत्या खोडांचे तुकडे यांपासून नवी रोपे उगवत असल्यामुळे कुंडीतून काढलेला गड्डा ओढ्याकाठी किंवा मोकळ्या जागेत टाकू नये. तो बंद पिशवीत भरून कचऱ्यात द्यावा.