टपाल वाटता वाटता रचलेली गाणी

प्रश्न : अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइन यांची काही गाणी मी ऐकली. चाली साध्या, गिटारही साधी. तरी त्यांना एवढे मोठे का मानतात? शिवाय त्यांना लोकसंगीताचे गायक म्हणावे की कंट्री संगीताचे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही म्हणावे. प्राइन यांचा जन्म १९४६ मध्ये शिकागोजवळच्या मेवूड येथे झाला, पण आईवडील मूळचे केंटकी राज्यातले असल्यामुळे घरात कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण वळणाची, गाणी सतत कानावर पडत. गिटार शिकवली ती जुन्या लोकगीतांचा नाद असलेल्या थोरल्या भावाने.

चाली साध्या आहेत हे आपले निरीक्षण बरोबर आहे. त्यांचे मोठेपण शब्दांत आहे, आणि त्याहूनही काय सांगायचे नाही हे ओळखण्यात आहे. ते शिकागोच्या परिसरात पोस्टमन होते आणि पायी टपाल वाटताना मनातल्या मनात गाणी जुळवत. ‘हॅलो इन देअर’ हे गाणे त्यांनी पंचविशी गाठण्याआधी लिहिले, पण ते आहे एका वृद्ध जोडप्याचे : मुले दूर पांगलेली, एक कोरियाच्या युद्धात मारला गेलेला. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला कधीतरी फोन करावा असे म्हाताऱ्याला वाटते, पण ‘नवीन काय’ असे त्याने विचारले तर सांगायचे काय, या विचाराशी तो अडतो. एकाकीपणावर भाष्य करण्याचा मोह टाळून एवढ्या एका अडखळण्यातून संपूर्ण आयुष्य उभे करणे मला फार थोर वाटते. ‘सॅम स्टोन’मध्ये व्हिएतनामहून व्यसन घेऊन परतलेला सैनिक आहे आणि ध्रुवपद त्याच्या लेकराच्या तोंडी आहे, तर ‘पॅरडाइज’मध्ये कोळशाच्या उघड्या खाणींनी उकरून काढलेला, त्यांच्या वडिलांचा केंटकीतला मुलूख आहे.

ही तिन्ही गाणी १९७१ च्या पहिल्याच अल्बममध्ये आहेत. पुढे १९८१ मध्ये त्यांनी ‘ओ बॉय रेकॉर्ड्‌स’ ही स्वतःची कंपनी सहकाऱ्यांसह काढली. १९९८ मध्ये मानेच्या कर्करोगावरील उपचारांनंतर त्यांचा आवाज खोल आणि खरखरीत झाला, तरी ते गात राहिले. ७ एप्रिल २०२० रोजी नॅशव्हिल येथे कोरोनाने त्यांचे निधन झाले.

आपण पहिला अल्बम गीतांचे शब्द समोर ठेवून ऐकावा आणि त्यानंतर लगेच २०१८ चा ‘द ट्री ऑफ फरगिव्हनेस’ लावावा. तरुणपणी म्हाताऱ्यांविषयी लिहिणारा गीतकार स्वतः सत्तरी ओलांडल्यावर काय लिहितो, हे त्यातून कळेल.