हातात कंट्रोलर, समोर माइक

व्हिडिओ गेमवर मराठीत पॉडकास्ट करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: रोज कल्याणहून सीएसएमटीला लोकलने जातो, घरी यायला आठ वाजतात. दर रविवारी एक भाग टाकायचा तर खेळायचं कधी आणि किती?
– एक नोकरदार, कल्याण

उत्तर: आठवड्याला सहा तास पुरतात, फक्त ते शनिवारी एका बैठकीत उरकू नका. सलग सहा तास खेळलं की शेवटचा बॉस (टप्प्याअखेरचा मोठा शत्रू) तेवढा लक्षात राहतो, आधीचं सगळं धूसर होतं. सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार अशा दीड-दीड तासाच्या चार बैठका धरा. बुधवारी मुद्दाम खेळू नका. शनिवारी रेकॉर्डिंग, रविवारी काटछाट.

गेम नवा विकत घेतला असेल तर तो आठवडाभर पेलणार का, हे सोमवारीच ठरवा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, म्हणून पहिली बैठक दीड तासावर नक्की थांबवा. गेम मेनूवर उघडा ठेवून जेवायला गेलात तर तीही मिनिटं मोजली जातात, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

प्रत्येक बैठक संपल्यावर लगेच, दात घासायच्याही आधी, पाच ओळी लिहा. कुठे होतो, काय करायला गेलो, काय झालं, पुन्हा केलं तेव्हा तसंच झालं का, आणि चिडचिड नेमकी कुठल्या क्षणी झाली. ‘मजा आली’ ही नोंद नव्हे; शनिवारी माइकसमोर ती काही कामाची नसते. बुधवारी सकाळी, डोंबिवलीची गर्दी आत शिरायच्या आत, दोन दिवसांच्या दहा ओळी वाचून होतात. त्यातून एकच प्रश्न निवडा आणि गुरुवार-शुक्रवार तेवढा तपासण्यासाठी खेळा. याच दोन बैठकांवर भाग उभा राहतो.

पुरावा हवा म्हणून ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रिप्ले बफर चालू ठेवा. आउटपुटच्या सेटिंगमध्ये तो सुरू करून लांबी ३० सेकंद ठेवा आणि हॉटकी (शॉर्टकटची कळ) नेमून द्या. काही लक्षवेधी घडलं की कळ दाबायची, मागचे ३० सेकंद जतन होतात. नेहमीची चूक अशी की सेटिंग केलेलं असतं, पण खेळायला बसताना ‘स्टार्ट रिप्ले बफर’ दाबायचं राहून जातं. मग कळ कितीही दाबा, फाइल बनत नाही.

प्रश्न: माझं बोलणं ‘ग्राफिक्स भारी, कंट्रोल्स स्मूथ’ याच्या पुढे जातच नाही. गेमबद्दल नेमकं बोलायचं कसं?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: ‘स्मूथ’ हा निकाल झाला, श्रोत्याला साक्ष हवी असते. २०१८ चा ‘सेलेस्ट’ हा उड्या मारत डोंगर चढण्याचा गेम घ्या. त्यातली नायिका मॅडेलिन कड्यावरून उडी मारते तेव्हा ‘कंट्रोल अगदी हातातले वाटतात’ असं सगळेच म्हणतात. तसं का वाटतं, ते डोळ्यांनी बघता येतं. असिस्ट मोडमध्ये (खेळ सोपा करण्याच्या सेटिंगमध्ये) जाऊन गेमचा वेग ५० टक्क्यांवर आणा. एखाद्या सपाट कड्यावरून चालत पुढे जा आणि पाय कड्याबाहेर गेल्यानंतर उडीची कळ दाबा. खाली काहीही नाही, मॅडेलिन हवेत आहे, तरीही उडी लागते. कडा सुटल्यावर ०.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने सहा फ्रेम, गेम तुम्हाला अजून जमिनीवरच समजतो. निम्म्या वेगात ही सवलत दुप्पट लांबते, म्हणून नजरेला सापडते. गेम बनवणारे याला कोयोटी टाइम म्हणतात.

आता डोकं वरच्या ठोकळ्याच्या अगदी कोपऱ्याला लागेल अशी उडी मारा. आपटून खाली पडायला हवं, पण गेम तुम्हाला चार पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवून वर जाऊ देतो. म्हणजे दिसायला निर्दयी असलेला हा गेम आतून खेळाडूची बाजू घेतो. दहा वेळा मरूनही राग स्वतःवरच का येतो, गेमवर का येत नाही, त्याचं उत्तर इथे आहे. एवढं सांगितलंत की सात-आठ मिनिटं सहज भरतात आणि श्रोता घरी जाऊन ते करून बघतो.

हीच रीत दुसऱ्या गेमला लावा. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० मध्ये आलेला आणि साधारण पाच-सहा तासांत संपणारा गेम; आठवड्याच्या मापाचा. हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी भिंतीवरून धावते, खांबाला धरून गरकन फिरते आणि त्या झोकात शत्रूवर वार करते. त्रिशूळ घेऊन एकाच रिंगणात दोनदा लढा. पहिल्यांदा भिंत आणि खांब वापरा, दुसऱ्यांदा फक्त साधे वार. वेळ मोजा, मार किती वेळा खाल्ला ते मोजा. गेम तुम्हाला खांबाकडे खरोखर ढकलतो, की खांब नुसते शोभेला आहेत, याचा जबाब त्या दोन आकड्यांत मिळेल. आणि पुण्याचा आहे म्हणून सूट देऊ नका, पुण्याचा आहे म्हणून जास्त झोडपूही नका. दोन्ही प्रकार ऐकायला कंटाळवाणे होतात.

प्रश्न: रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर येते. नॉइज रिडक्शन लावलं तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ब्लूटूथ हेडफोनचा माइक वापरतो.
– एक वाचक, नागपूर

उत्तर: आधी ब्लूटूथ बाजूला ठेवा. त्याचा माइक सुरू झाला की बहुतेक हेडफोन फोनकॉलच्या पद्धतीवर जातात आणि आवाजाचा वरचा भाग कापला जातो. नंतर कुठल्याही फिल्टरने तो परत येत नाही. शिवाय आवाज उशिरा कानात येतो, म्हणून खेळतानाही त्रास. वायरचा साधा हेडफोन आणि यूएसबीचा डायनॅमिक माइक घ्या. कंडेन्सर माइक जास्त संवेदनशील म्हणून चांगला, असं दुकानदार सांगेल, पण उघड्या खिडकीच्या खोलीत तो शेजारच्या कुकरची शिट्टीही इमानदारीने टिपतो.

माइक तोंडापासून चार बोटांवर, किंचित बाजूला धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे धक्के बसणार नाहीत. मोठ्याने बोलताना पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. नागपूरच्या मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणं सोपं आहे. ते जमत नसेल तर तो एकाच वेगावर ठेवा आणि माइक वाऱ्याच्या झोताबाहेर न्या. बोलायला सुरुवात करण्याआधी पाच सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज प्रोफाइल (गोंगाटाचा नमुना) त्याच पाच सेकंदांचं घ्यायचं. मधेच पंख्याचा वेग बदललात तर ते प्रोफाइल निरुपयोगी होतं.

पाण्याखालचा आवाज येतो कारण कपात जास्त झालेली असते. ६ ते ९ डेसिबलवर थांबा. घरघर थोडी उरली तर उरू द्या, श्रोता तिला दोन मिनिटांत विसरतो. मग ८० हर्ट्झखालची घुमघुम कापणारा हाय-पास फिल्टर, नंतर काटछाट, आणि सगळ्यात शेवटी लाउडनेस उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा जाणवतो त्याचं माप). फाइल मोनो (एकाच चॅनलची) असेल तर मोनोला ड्युअल-मोनो धरण्याच्या पर्यायावर खूण असू द्या. लाउडनेस वाढवल्यावर हसण्या-ओरडण्याची टोकं फाटतात, त्यासाठी ती उणे १ डेसिबलवर अडवणारा लिमिटर लावा.

प्रश्न: मी पुण्यात, मित्र डब्लिनमध्ये. दोघं आपापल्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करतो. सुरुवातीला आवाज जुळतात, शेवटी मित्र माझ्या विनोदावर उशिरा हसतो.
– एक श्रोता, पुणे

उत्तर: विनोदाचा दोष नाही. प्रत्येक लॅपटॉपचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दशलक्षात ५० भागांचा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचं अंतर पडतं, आणि हसण्याची वेळ चुकायला तेवढं पुष्कळ झालं. सुरुवातीला आणि शेवटी दोघांनी कॉलवर एकत्र तीन मोजून टाळी वाजवा. पहिल्या टाळीवर ट्रॅक जुळवा, शेवटच्या टाळीवर फरक मोजा. मग दर दहा-पंधरा मिनिटांनी एखाद्या शांत जागी कापून मित्राचा ट्रॅक थोडा सरकवा.

आवाज पहिल्या मिनिटापासूनच पातळ आणि घाईचा वाटत असेल तर आजार वेगळा आहे: एकाने सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) ४४.१ किलोहर्ट्झ ठेवून रेकॉर्ड केलं आणि फाइल ४८ ची समजून वाजवली गेली. वेग जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढतो. दोघंही ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाइल ठेवा. तासाला साधारण ३४५ एमबी जागा लागते. आणि रेकॉर्डिंगची वेळ ठरवताना लक्षात ठेवा, उन्हाळ्यात तुमच्यात साडेचार तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेपाच.

प्रश्न: रहस्याच्या गेमवर रहस्य न फोडता बोलता येतं का? आणि एका रमी ॲपने जाहिरातीचे पैसे देऊ केलेत, घ्यावेत का?
– एक पॉडकास्टर, नाशिक

उत्तर: येतं. यंत्रणा सांगा, उत्तर सांगू नका. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं असतं, आणि तीन जणांचं अचूक जुळल्यावरच गेम त्यावर शिक्कामोर्तब करतो. एवढं सांगून अंदाजपंचे ठोकणाऱ्याला तो कसा अडवतो यावर अर्धा तास बोला, कोण कसा मेला हे एकदाही न सांगता. फोडायचंच असेल तर तो भाग शेवटी ठेवा आणि कितव्या मिनिटापासून आहे ते तोंडाने सांगा. वर्णनात लिहिलेलं गाडी चालवणारा श्रोता वाचत नाही.

रमीचे पैसे घेऊ नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी आणली, आणि जाहिरात करणाराही त्यात सापडतो. गेम कंपनीने फुकट दिलेली प्रत मात्र चालते, ती फुकट मिळाली हे पहिल्याच मिनिटात सांगितलंत तर.