निरंक लिहायला भिता कशाला?

संशोधनाची सरकारी अनुदानं आणि त्यांची कागदपत्रं यांबद्दल वाचक विचारतात, ताई उत्तरं देतात. ताई मूळच्या सांगलीच्या. अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या अनुदान कार्यालयात त्यांनी १९९९ ते २०२१ अशी बावीस वर्षं नोकरी केली.

प्रश्न : ताई, मी ओहायोत सहायक प्राध्यापिका आहे. माझ्याकडे आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेचं एक आरओवन (तिथलं नेहमीचं संशोधन अनुदान) आहे आणि विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या एनएसएफचं एक. एनआयएचचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे पहिला प्रगती अहवाल आता द्यायचाय. दोन्हीकडचा नमुना एकच आहे असं ऐकलं. मग एकच मजकूर दोन्हीकडे टाकला तर चालेल का? दुसरं सांगायला लाज वाटते. यंदा आमच्या उंदरांना संसर्ग झाला आणि सगळी कॉलनी नव्यानं उभी करावी लागली. त्यात पाच महिने गेले. लिहिण्यासारखं फार काही नाही. काय लिहू?

उत्तर : आधी तारीख बघू. मजकूर घोटत बसून तारीख चुकवलेले प्राध्यापक मी ढिगानं पाहिलेत. तुझं अनुदान स्नॅप, म्हणजे कमी कागदपत्रांच्या पद्धतीचं असेल (आरओवन बहुधा असतंच) तर अहवाल १५ फेब्रुवारीला गेला पाहिजे. स्नॅप नसेल तर १ फेब्रुवारीलाच. एनएसएफचा हिशेब निराळा. तिथे वर्ष संपायच्या ९० दिवस आधी अहवाल देय होतो आणि वर्ष संपलं की थकीत. थकला की तुझ्याबरोबर त्या प्रकल्पातल्या सहसंशोधकांचंही काम अडतं. आमच्याकडे भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक होते. नवं अनुदान मंजूर झालेलं, विद्यार्थिनीला नेमणुकीचा शब्द दिलेला, आणि पैसे येईनात. शोधता शोधता कळलं की एका जुन्या प्रकल्पातला त्यांचा सहकारी, तोही दुसऱ्या विद्यापीठातला, अहवाल द्यायला विसरून सुट्टीवर गेला होता. तीन आठवडे मी त्याच्या मागे फोन घेऊन लागले होते.

आता नमुन्याचं. तू ऐकलंस ते अर्धं खरं. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या कपाटात खात्यागणिक वेगळे फॉर्म असायचे. एनआयएचचा पीएचएस २५९० हा फॉर्म, एनएसएफचं फास्टलेन हे पोर्टल, बाकीच्यांची आपापली तऱ्हा. एकच प्रश्न, ‘वर्षभरात काय केलंत?’, पण प्रत्येकाला तो वेगळ्या रकान्यात हवा. त्याच वर्षी, १९९९ मध्ये, अमेरिकन संसदेनं कायदा केला की सरकारी अनुदानांची कागदपत्रं सोपी आणि एकसारखी करा. त्यातून संशोधनापुरता एक सामाईक नमुना निघाला, आरपीपीआर. मसुदा लोकांपुढे आला २००७ मध्ये, धोरण ठरलं २०१० च्या एप्रिलमध्ये, एनआयएचनं स्नॅप अनुदानांना तो सक्तीचा केला २०१३ च्या मे महिन्यात, आणि प्रकल्प संपल्यावरचा शेवटचा अहवाल त्याच साच्यात यायला २०१७ उजाडलं. कायदा झाला त्या दिवशी जन्मलेलं मूल तोवर मतदार व्हायला आलं असेल.

पण एक झाले ते मथळे. काय साधलं, काय निर्माण झालं, कोणी काम केलं, परिणाम काय, बदल आणि अडचणी काय. यातला ‘काय साधलं’ हा एकच विभाग सगळ्या खात्यांना बंधनकारक. बाकीचे घ्यायचे की नाही ते खात्यानं ठरवायचं. पोर्टलं वेगळी राहिली, तारखा वेगळ्या राहिल्या. एनएसएफ ‘काय साधलं’मध्येच कामं, उद्दिष्टं, निष्कर्ष आणि फलित असे चार कप्पे करून मागतं. एनआयएच तेच दोन पानांत सलग मागतं. म्हणून मजकूर उचलून ठेवला तर बसत नाही. आणि बसला तरी ठेवू नकोस. अहवाल त्या त्या अनुदानातून झालेल्या कामाचा असतो. एकच प्रयोग दोन्हीकडे जसाच्या तसा दिसला तर उद्या कोणीतरी विचारणार, एका कामाचे पैसे दोन ठिकाणी घेतलेत का? त्याचं उत्तर देताना अहवालापेक्षा जास्त पानं लागतात. प्रयोगाला खरंच दोन्हीकडचे पैसे लागले असतील, तर कुठला भाग कोणाचा ते एका वाक्यात दोन्हीकडे लिही.

आता लाजेचं. माझे वडील झेडपीच्या शाळेत हेडमास्तर होते. पंचायत समितीकडून तक्ते यायचे: शाळेतील दुरुस्ती, साथीचे रोगी, नवीन बांधकाम. बहुतेक रकान्यांत वडील वळणदार अक्षरात एकच शब्द लिहायचे, ‘निरंक’. मला लहानपणी तो कोणा देवाचाच शब्द वाटायचा. आरपीपीआरच्या सूचनांमध्येही हाच शब्द इंग्रजीत, तीन शब्द करून दिलेला आहे: सांगण्यासारखं काही नसेल तर ‘नथिंग टू रिपोर्ट’ लिहा. त्या अख्ख्या नमुन्यातली मला सगळ्यात आवडती सूचना हीच, आणि वापर सगळ्यात कमी तिचाच. पेटंट नाही, वेबसाइट नाही, समाजावर अजून परिणाम नाही, हे सरळ लिहायला लोक कचरतात. मग ‘परिणाम’च्या रकान्यात अर्धं पान ‘भविष्यात मोलाची भर पडू शकेल’ छापाचं येतं. वाचणाऱ्या प्रोग्रॅम ऑफिसरच्या टेबलावर असे कितीतरी अहवाल पडलेले असतात. एक निरंक दिसला की बिचाऱ्याला बरं वाटत असेल.

तुझे उंदीर मात्र निरंकात घालू नकोस. त्यांची जागा एफ विभागात आहे, दुसरा प्रश्न: आलेल्या किंवा येऊ घातलेल्या अडचणी, उशीर आणि त्यावरचा उपाय. जुन्या फॉर्मांत अपयशाला हक्काची खोली नव्हती, ती यात आहे. तिथे चार-पाच वाक्यांत लिही: संसर्ग कोणत्या महिन्यात लक्षात आला, कॉलनी कधी रिकामी केली, नवी कधीपासून प्रजननाला तयार झाली, कुठलं उद्दिष्ट किती पुढे गेलं, आणि त्या पाच महिन्यांत काय केलंत. काहीतरी केलंच असेल. जुना डेटा पुन्हा तपासला असेल, विश्लेषणाचा कोड लिहिला असेल. ते ‘काय साधलं’मध्ये घाल. नूतनीकरणाच्या वेळी ‘पहिल्या वर्षी इतकं कमी का?’ असं विचारलं गेलंच, तर उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असेल. उंदरांची भानगड लपवून पुढच्या वर्षी एकदम सांगणारे अडकतात.

दोन बारीक गोष्टी. वर्षात निदान एक मनुष्य-महिना, म्हणजे अंदाजे १६० तास काम केलेला प्रत्येक जण नावानिशी यायला हवा, उन्हाळ्यात येऊन गेलेली पदवीची मुलंही. आणि प्रसिद्ध झालेला पेपर पब्लिक अॅक्सेसच्या, म्हणजे तो सगळ्यांना फुकट वाचता यावा या नियमात बसतो ना ते आजच बघ. १४ फेब्रुवारीच्या रात्री ते कळलं तर काही करता येत नाही.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. केंद्राच्या एका खात्याचा छोटा प्रकल्प मिळाला. मंजुरी नोव्हेंबरमध्ये, पैसे आले फेब्रुवारीत, आणि मार्चअखेर खर्चाचं युसी (पैसे कसे वापरले त्याचं प्रमाणपत्र) द्या म्हणतात! प्रत्येक खात्याचं पोर्टल वेगळं, अहवालाचा नमुना वेगळा. अमेरिकेसारखा एकच फॉर्म आपल्याकडे का नाही?

उत्तर : सर, आपल्याकडे एकच फॉर्म आहे, पण तो पैशांचा आहे. केंद्राच्या जीएफआर २०१७ या आर्थिक नियमावलीतला १२-ए हा युसीचा नमुना. पैसे देणारं डीएसटी असो, डीबीटी असो, आयसीएमआर असो, रकाने तेच: आधीची शिल्लक, व्याज, यंदा आलेलं अनुदान, खर्च, उरलेलं. त्याआधी १९-ए होता. विज्ञानाच्या अहवालाचं मात्र ज्याचं त्याचं. अमेरिकेत पैशांच्या हिशेबाला एसएफ-४२५ हा वेगळा फॉर्म आहे आणि कामाच्या अहवालाला आरपीपीआर. म्हणजे तुमची निम्मी तक्रार रास्त आहे.

तुमच्या फेब्रुवारीच्या पैशांबद्दल बोलते. नियमात युसीची मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिने आहे. घाई होते, कारण पुढचा हप्ता त्याच कागदावर अडलेला असतो. म्हणून लोक मार्चमध्ये टोनर, पेनड्राइव्ह आणि नको असलेली रसायनं घेऊन आकडा जुळवतात. तसं करू नका. ३१ मार्चला जेवढा खर्च झाला तेवढाच दाखवा आणि उरलेली रक्कम शिल्लक म्हणून लिहा. ती पुढच्या वर्षी वापरायची परवानगी वेगळ्या पत्रानं मागा आणि त्या पत्रात पैसे खात्यावर जमा झाल्याची तारीख ठळक लिहा. माझा भाचा पुण्यात एका संस्थेत हेच काम बघतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यात जास्त युसी परत येतात त्या व्याजाच्या रकान्यामुळे. बँकेनं दिलेलं व्याज तुमचं नसतं, ते सरकारच्या संचित निधीत भरायचं असतं. भारतकोश या सरकारी पोर्टलवर भरा, पावती जोडा.

राहिली अमेरिका. एक फॉर्म झाला म्हणजे प्राध्यापक मोकळे झाले, असं समजू नका. तिथे अनुदान घेणाऱ्या संशोधकांना विचारलं होतं की सरकारी पैशांवरच्या संशोधनाच्या वेळातला किती वेळ कागदपत्रांत जातो. २००५ मध्ये उत्तर आलं ४२ टक्के. २०१२ मध्ये पुन्हा ४२. २०१८ मध्ये ४४. त्यात अर्ज, खरेदी, प्राण्यांच्या परवानग्या सगळं आलं, नुसता प्रगती अहवाल नव्हे. तरी आकडा कमी झाला नाही तो नाहीच. साचा एक झाला, पण एकेक नवा नियम येताना आपला रकाना घेऊनच येतो.

तरीही मी एका साच्याच्याच बाजूची. २०२३ च्या कायद्यानं आपल्याकडे संशोधनाला पैसे देणारं सर्ब हे मंडळ जाऊन अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. विज्ञानाच्या अहवालाचा एक नमुना ठरवायचा तर तो इथून ठरावा, आणि ठरवताना त्यात अडचणींचा रकाना आणि ‘निरंक’ची मुभा पहिल्या पानावर असावी असं मला वाटतं. माझं कोण ऐकतंय म्हणा.

प्रश्न : मी नाशिकचा, वय ७४. माझी सून अमेरिकेत एनएसएफच्या पैशांवर नदीच्या गाळावर संशोधन करते. विचारलं की म्हणते, ‘बाबा, समजवायला वेळ लागेल.’ तिचा अहवाल मला वाचता येईल का?

उत्तर : काका, वार्षिक अहवाल खुला नसतो. पण प्रकल्प संपल्यावर १२० दिवसांच्या आत तिला तुमच्याआमच्यासाठी वेगळा मजकूर लिहावाच लागतो, २०० ते ८०० शब्दांचा, परिभाषा टाळून. एनएसएफ तो न सुधारता जसाच्या तसा सगळ्यांना दाखवतं. त्यांच्या वेबसाइटवर अनुदानं शोधायची सोय आहे, तिथे सुनेचं नाव घाला. प्रकल्प चालू असेल तर सध्या नुसता गोषवारा दिसेल.

मिळाला की छापून घ्या, अडेल तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि फोटो काढून तिला पाठवा. आमच्याकडून असे कितीतरी मजकूर गेले, पण घरच्या कोणी वाचून उलट प्रश्न विचारल्याचं मला एकदाच आठवतं. एका प्राध्यापकांच्या वडिलांचं ईमेल होतं. प्राध्यापकांनी ते छापून आपल्या ऑफिसच्या दारावर चिकटवलं होतं.