माझा बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) फ्रोझन उंदीर तोंडाला लावत नाही. जिवंत देऊ का?

नका देऊ. तब्येतीने धडधाकट, मोठा बॉल पायथन हिवाळ्यात महिनोन् महिने उपाशी राहतो, त्याला काही होत नाही. वजन मोजत राहा. ते उतरायला लागलं तर सापांच्या डॉक्टरकडे न्या.

इथे न्यू जर्सीत माझ्या मावसभावाकडे एक मादी होती. दादा तिला पेट शॉपमधून जिवंतच उंदीर आणायचा. "शिकार करू दिली नाही तर साप पाळायचा कशाला?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा ती कातीवर आली होती, डोळे निळसर झालेले. अशा वेळी बरेच साप खात नाहीत. तरी दादाने उंदीर सोडला आणि नाइट शिफ्टला गेला. सकाळी मला फोन. जाऊन बघते तर पाठीची कातडी कुरतडून मांस उघडं पडलेलं, एका जागी हाड दिसत होतं. घाबरला की बॉल पायथन चेंडूसारखं वेटोळं करतो आणि डोकं आत दडवतो. पाठ उघडीच राहते. रात्रभर उपाशी असलेल्या उंदराने तिथेच दात लावले. मलम, इंजेक्शनं, सगळं झालं, ती वाचली. पण त्या व्रणावर प्रत्येक वेळी कात अडकते, आणि ओल्या फडक्याने ती सोडवायला मीच जाते.

दादाचं म्हणणं अजून तेच: उंदीरच वाईट निघाला, आणि रानात काय फ्रीझर असतो का? रानात उंदराला पळायला जागा असते, सापालाही असते. काचेच्या पेटीत दोघांनाही नसते. शिवाय रानातले लहान बॉल पायथन पक्षीसुद्धा खातात. ते कुठे कोण आणून देतं?

आता तुमचं. बहुतेक वेळा उंदीर गार असतो, एवढंच कारण असतं. सापाला ओठांवरच्या खाचांनी उष्णता कळते. फ्रीझरमधून काढून रात्रभर खाली फ्रीजमध्ये ठेवा, मग पिशवीत बांधून गरम पाण्यात सोडा. उंदराचं डोकं 38 ते 40 अंशांपर्यंत तापलं पाहिजे. मायक्रोवेव्ह अजिबात नको, पोट फुटतं. अंधार पडल्यावर लांब चिमट्याने सापाच्या लपायच्या जागेपाशी हलवा. नाही घेतला तर टाकून द्या, पुन्हा गोठवू नका, आणि आठवडाभर सापाला हात लावू नका. टँकची गरम बाजू 31-32 अंश आहे ना, तेही बघा. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, म्हणून हे काम स्वयंपाकाच्या भांड्यांत करू नका आणि हात साबणाने धुवा.

भारतातून विचारत असाल तर देशी साप पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यांच्या बाबतीत हा प्रश्नच उरत नाही.

हो, अंड्यातून नुकतं निघालेलं एखादं पिल्लू खरोखरच जिवंताशिवाय सुरुवात करत नाही. त्याला डोळे न उघडलेलं उंदराचं पिल्लू द्या, आणि समोर बसून राहा. थोड्या वेळात खाल्लं नाही तर काढून घ्या. दादाशी माझं भांडण एवढ्याचसाठी आहे. जिवंतच द्या म्हणणारे पुष्कळ भेटले, समोर बसून राहणारे फार थोडे.