जुनं विमान कोणत्या तारखेला सोडायचं?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

ताफ्यातली जुनी विमानं काढून नवी मागवण्याचा आराखडा तुझ्याकडे आलाय आणि तुझ्या तक्त्याचा पहिला रकाना ‘वय’ हा आहे. राहू दे तो, पण त्यावरून काही ठरवू नकोस. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो आणि उतरताना सुटतो. धडाचा पत्रा फुगतो, आकसतो. असं एक उड्डाण आणि उतरणं म्हणजे एक सायकल; विमान थकतं ते मुख्यतः या सायकलींनी. १९८८ साली हवाईतल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-२०० च्या छताचा मोठा तुकडा हवेतच उडून गेला. विमान १९ वर्षांचं, पण सायकली ८९,६८०: बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या, वर खारी हवा. लांब पल्ल्याचं विमान तेवढ्याच वर्षांत याच्या पावपट सायकलीही करत नाही. ताफ्याचं सरासरी वय प्रसिद्धीपत्रकात शोभून दिसतं, एवढाच त्याचा उपयोग.

प्रत्येक विमानापुढे हे लिही: झालेल्या सायकली, झालेले तास, पुढच्या मोठ्या चेकची, म्हणजे विमान उघडून करायच्या तपासणीची तारीख, दोन्ही इंजिनांतल्या आयुष्य ठरलेल्या (ठरल्या सायकलींनंतर बदलावेच लागणाऱ्या) भागांच्या उरलेल्या सायकली आणि लीज, म्हणजे भाडेकरार, संपण्याची तारीख. एअरबसच्या ए३२० कुटुंबात धडाच्या रचनेचे मोठे चेक सहा आणि बारा वर्षांच्या टप्प्यांवर येतात. बारा वर्षांच्या चेकमध्ये सीट, गॅली (खाण्यापिण्याची तयारी होते ती जागा), टॉयलेट, फरशीचे पॅनेल सगळं उपसावं लागतं. गंज सापडतो तो नेमका टॉयलेट आणि गॅलीखाली, जिथे वर्षानुवर्षं पाणी झिरपलेलं असतं. अंदाजपत्रक फुटतं ते ठरलेल्या कामामुळे नाही, उघडल्यावर जे दिसतं त्यामुळे. म्हणून विमान सोडायची खरी वेळ या चेकच्या अलीकडची. चेक केलाच, तर पुढची काही वर्षं ते वापरायचं या हिशेबानेच कर. चेक करून वर्षभरात विकणं म्हणजे दुसऱ्याचं घर रंगवून देणं.

इंजिनांचंही तसंच. जुन्या ए३२० वर असणाऱ्या सीएफएम५६ इंजिनामध्ये फॅनच्या चकत्यांना साधारण ३०,००० सायकलींची मर्यादा, गाभ्यातल्या भागांना २०,००० आणि मागच्या कमी दाबाच्या टर्बाइनला २५,०००. विमान वर्षाला १,८०० सायकली करतं आणि गाभ्यात ३,००० उरल्यात, तर वीस महिने हातात आहेत. विमान त्याच सुमारास जाणार असेल तर इंजिन दुरुस्तीला पाठवू नकोस. अधेमधे एखादं इंजिन कमी पडलं, तर निवृत्त होणाऱ्या दुसऱ्या विमानाचं लाव. लीजच्या विमानांत मात्र अशा अदलाबदलीला मालकाची लेखी परवानगी लागते.

आता इंधन. जुनं ए३२० तासाला ढोबळमानाने २.४ टन इंधन जाळतं. नव्या विमानाने १५ टक्के बचत धरली तर तासाला ३६० किलो; वर्षाला ३,५०० तासांवर १,२६० टन. आकडा मोठा आहे, पण तो तासांवर उभा आहे. हेच विमान वर्षाला १,८०० तासच उडत असेल तर बचत निम्मी होते आणि नव्या विमानाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे नवी विमानं आधी जास्त उडणाऱ्या मार्गांवर लाव. हंगामी फेऱ्यांना कर्ज फिटलेलं जुनं विमान पुरतं.

ए३२०निओला, म्हणजे नव्या इंजिनांच्या ए३२० ला, दोन कंपन्यांच्या इंजिनांतून निवड करता येते आणि इंजिनाचा करार विमानाच्या करारापासून वेगळा असतो. बोइंगच्या ७३७ मॅक्सला एकाच कंपनीचं इंजिन. नव्या इंजिनांची इंधनबचत खरी आहे. पण पंखाखाली किती दिवस टिकतील, हे निर्मात्याच्या अंदाजावर सोडू नकोस. जुलै २०२३ मध्ये निओची इंजिनं बनवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीच्या मूळ कंपनीने जाहीर केलं की, काही वर्षांच्या उत्पादनात वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष होता. इंजिनं तपासणीसाठी काढावी लागली आणि जगभर शेकडो निओ इंजिनांवाचून उभी राहिली. दर दहा विमानांमागे निदान दोन सुटी इंजिनं माग, आणि इंजिनाअभावी विमान उभं राहिलं तर रोजची भरपाई किती, ते इंजिनाच्या करारातच लिहून घे. नंतर मिळते ती सवलत, भरपाई नव्हे.

सगळ्यात जास्त वेळ घाल तो जुनं जाण्याची आणि नवं येण्याची तारीख जुळवण्यात. इंडिगोने जून २०२३ मध्ये ए३२० कुटुंबातली ५०० विमानं मागवली, ती येणार २०३० ते २०३५ दरम्यान. रांग एवढी लांब आहे. त्यात उशीर ठरलेलाच: बोइंगचं ७८७ मे २००८ मध्ये मिळायचं होतं, पहिलं हाती आलं सप्टेंबर २०११ मध्ये. बोइंगचंच ७७७एक्स २०२० साली यायचं होतं. २०२५ संपलं तरी एकही ग्राहकाकडे पोचलं नव्हतं. मग होतं काय? नवं विमान येणार म्हणून जुन्याचं लीज वाढवलेलं नसतं, चेकसाठी हँगरमध्ये (विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये) जागा धरलेली नसते, आणि बारा वर्षांचा चेक दारात येऊन उभा राहतो. म्हणून लीज सहा-सहा महिन्यांनी दोनदा वाढवण्याचा हक्क आत्ताच, ठरल्या भाड्याने मिळव. हँगरची जागाही धरून ठेव. रद्द करण्याचा दंड उभ्या विमानापेक्षा स्वस्त पडतो.

किमतीबद्दल थोडक्यात. एअरबसने यादीतल्या किमती शेवटच्या प्रसिद्ध केल्या त्या २०१८ साली, ए३२०निओ ११.०६ कोटी डॉलर. तेवढे कुणी मोजत नाही. सवलतीपेक्षा दरवाढीचं सूत्र नीट वाच: मजुरी आणि धातूच्या निर्देशांकांवर किंमत डिलिव्हरीपर्यंत चढत जाते. त्यावर वार्षिक कमाल मर्यादा घालून घे. डिलिव्हरीच्या सुमारे दोन वर्षं आधीपासून आगाऊ हप्ते सुरू होतात, तेव्हा अर्थविभागाला आजच सांग.

सीट बहुधा आपणच पुरवायच्या असतात. त्या उशिरा आल्या तर विमान तयार असून कारखान्यात उभं राहतं आणि करारानुसार दोष आपला. मंजूर झालेल्या जुन्या रचनेच्याच सीट घे. नवी रचना प्रमाणित होण्यात महिने जातात.

राहिली कागदपत्रं. लीजचं विमान परत करताना इंजिनातल्या आयुष्य ठरलेल्या प्रत्येक भागाचा जन्मापासूनचा इतिहास दाखवावा लागतो: कोणत्या इंजिनात, किती सायकली, कुणी बसवला. एक पान गहाळ असेल तर चांगला भागही भंगारात धरतात, आणि विमान परत होईपर्यंत भाडं चालूच राहतं. परतीच्या तारखेच्या अठरा महिने आधी दोन माणसं फक्त याच कामाला बसव.

कळावे.