कृपा म्हणजे ‘करा आणि पावा’ नव्हे

प्रश्न असा आला आहे: बायबलात पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्रात देव प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या कृत्यांप्रमाणे फळ देईल असं म्हटलंय (२:६) आणि पुढे सार्वकालिक जीवन हे देवाचं ‘कृपादान’ (६:२३). ‘कृपा’ची फोड कृ + पा, म्हणजे करा आणि पावा, अशी केली तर दोन्हींचा मेळ बसतो ना?

नाही बसत. ती फोडच खोटी आहे. परवा एका सभेत वक्त्यांनी ती फळ्यावर लिहिली आणि लोकांनी भक्तिभावाने वहीत उतरवून घेतली. ‘कृपा’चा धातू कृप्, म्हणजे कळवळणे. ‘करणे’वाल्या कृ-चा तिथे काही संबंध नाही. ‘कृपण’ही त्याच घरचा: आधी कीव यावी असा, कंजूष नंतर.

खरी गंमत ६:२३च्या पहिल्या अर्ध्यात आहे: ‘पापाचे वेतन मरण’. मूळ ग्रीक शब्द ऑप्सोनिया, शिपायांचा पगार. लूक ३:१४ मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान शिपायांना पगारात समाधान माना म्हणतो, तिथेही हाच. त्याच्या पोटात आहे ऑप्सॉन, म्हणजे भाकरीबरोबरचं कोरड्यास, पुढे मुख्यतः मासळी. पाच भाकरी आणि दोन मासे आठवतात? योहानाच्या शुभवर्तमानात ते मासे म्हणजे ऑप्सारिया! म्हणजे पाप देतं ते कोरड्यासाचे पैसे. आपला ‘भत्ता’ अगदी तसाच. कोणी तो ‘भृति’पासून (म्हणजे मजुरी) काढतात, मला ते मुळीच पटत नाही. कौटिल्याचं ‘भक्तवेतन’ पाहा, अन्न आणि पगार एका दमात. भक्त म्हणजे वाटून दिलेला घास. त्याचाच भात झाला, आणि माझ्या मते भत्ताही. देवाचा भक्तही त्याच भज् (वाटणे) धातूचा.

दुसऱ्या अर्ध्यातल्या ‘कृपादाना’चा ग्रीक शब्द खारिस्मा. त्याला तेर्तुल्यान या जुन्या ख्रिस्ती लेखकाने लॅटिनमध्ये ‘दोनातिवुम’ केलं, म्हणजे सम्राटाने सैन्याला दिलेली बक्षिसी. शिपायाच्या पगारापुढे शिपायाचीच बक्षिसी, जोड छान जुळली आणि अर्थ गेला. दोनातिवुम सैनिक हक्काने मागत. इ.स. १९३ मध्ये रोमच्या राजरक्षकांनी त्याच्यापायी साम्राज्याचा लिलाव केला आणि दिदियुस युलियानुसने माणशी २५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) कबूल करून गादी घेतली. हिला कृपा म्हणायचं? जेरोमच्या लॅटिन बायबलात साधं ‘ग्रातिया’ आहे, तेच बरोबर.

राहिलं २:६. तिथलं क्रियापद ‘चुकतं करणे’चं आहे, येशूच्या ‘कैसराचं कैसराला द्या’ यात तेच. देणं चुकतं होतं, कृपा चुकती होत नाही. पौलाने दोन्ही वाक्यं एकाच पत्रात ठेवली, ओढाताण मिटवली नाही. धात्वर्थ वाकवून ती आपण का मिटवायची?

गोव्यात कोंकणी ख्रिस्ती मरियेला ‘कुर्पेन भरलेले’ (कृपेने भरलेली) म्हणतात. त्या कुर्पेतून ‘करा’ काढून दाखवा.